श्वास चालविणारी यंत्रे आणि त्यांची पारख

हृदय थांबले, फुप्फुसे थकली, तरीही माणूस काही काळ जिवंत ठेवता येतो, ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या पिढीस कोणी सांगितली असती तर ती खरी वाटली नसती. आज ती सर्वांच्या कानावरची झाली आहे. 'मशीनवर ठेवावे लागेल' हे वाक्य ज्या घराने ऐकले नाही असे घर आपल्या शहरात विरळाच. कामगार चळवळीच्या निमित्ताने इस्पितळाच्या बाकावर रात्री काढण्याचे प्रसंग आम्हांवर पुष्कळदा येतात. तेथे नातेवाईक दबक्या आवाजात एकच गोष्ट विचारतात : मशीन चांगले आहे ना? प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र चांगले म्हणजे काय आणि ते ठरवावयाचे कसे, याचा उलगडा सहसा कोणी करीत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु यंत्र आणि माणूस यांच्या संबंधाचा विचार करण्यातच आमचे आयुष्य गेले, म्हणून हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम यंत्रे कोणती ते पाहू. व्हेंटिलेटर हा श्वासाचा मदतनीस होय. तो हवा आणि प्राणवायू यांचे मिश्रण ठरावीक दाबाने फुप्फुसांत सोडतो. पण हवेतील प्राणवायू रक्तात मिसळण्याचे काम फुप्फुसांनाच करावे लागते. हार्ट-लंग मशीन हे त्याच्या पुढचे. शस्त्रक्रियेच्या वेळी ते शरीरातील काळपट रक्त नळीने बाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते, कर्बवायू काढून टाकते आणि पंपाच्या जोराने ते रक्त पुन्हा धमनीत सोडते. हे काम काही तासांचे असते. तेच काम दिवसचे दिवस, खाटेजवळ करणारे यंत्र म्हणजे एक्मो. त्यात रक्त अतिशय पातळ पडद्याच्या कृत्रिम फुप्फुसातून फिरते. एक्मोची जोडणी दोन प्रकारची असते : शिरेतून रक्त घेऊन शिरेतच सोडले तर फुप्फुसांना विश्रांती, आणि धमनीत सोडले तर हृदयालाही आधार. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते, आणि त्या औषधाने रक्तस्रावाचे भय वाढते. म्हणजे यंत्र एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काही मागते, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. छातीचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरत होते आणि यंत्रे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी रोग्याच्या गळ्यात नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबण्याची तोड काढली. वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम या पाळ्यांत आहे. आधी माणसांचे हात होते. यंत्र मागून आले.

दुसऱ्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने शिवले. सव्वीस मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे सर्व काम यंत्राने केले आणि मुलगी बरी झाली. परंतु त्यानंतरचे रोगी वाचले नाहीत, तेव्हा गिबन यांनी स्वतः होऊनच या शस्त्रक्रिया थांबविल्या. वीसेक वर्षे खपून तयार केलेले यंत्र निकाल पाहून बाजूला ठेवणे, याला आम्ही खरी पारख म्हणतो. आपल्याकडेही फेब्रुवारी १९६८ मध्ये गिरणगावातील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. तो रोगी काही तासच जगला. म्हणून हा विषय परदेशचा आणि आपण केवळ प्रेक्षक, असे समजण्याचे कारण नाही.

आता पारखेची पहिली कसोटी. यंत्र लावल्यावर रोगी वाचला, एवढ्याने यंत्राने वाचविला असे सिद्ध होत नाही. तो यंत्रावाचूनही वाचला असता काय, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी सारख्या स्थितीतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटास यंत्र मिळते, दुसऱ्यास नेहमीचे उत्तम उपचार, आणि मग दोन्हींचा हिशेब मांडतात. १९७९ साली अमेरिकेत नव्वद प्रौढ रोग्यांचा असा हिशेब प्रसिद्ध झाला. एक्मोच्या गटात चार वाचले आणि दुसऱ्या गटातही चारच! पुष्कळांनी त्या वेळी या यंत्राची आशा सोडली. परंतु १९९६ साली इंग्लंडमध्ये नवजात बालकांचा हिशेब झाला तो अगदी निराळा निघाला. एक्मोच्या गटातील ९३ पैकी ३० बालके दगावली, तर दुसऱ्या गटातील ९२ पैकी ५४.

पुढे २००९ साली त्याच देशात १८० प्रौढांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. निम्मे रोगी लेस्टर येथील एक्मो केंद्राकडे पाठविण्याचे ठरले, निम्मे आपापल्या इस्पितळात राहिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील शंभरी ६३ जण अपंगत्वाशिवाय जिवंत होते, दुसऱ्यातील ४७. पण बारकाईने पाहावे. केंद्राकडे जावयाच्या नव्वद जणांपैकी ६८ जणांनाच प्रत्यक्ष एक्मो लागले, आणि पाच जण केंद्रात पोचण्यापूर्वीच गेले. म्हणजे यश एकट्या यंत्राचे नव्हते, अनुभवी केंद्राच्या एकूण व्यवस्थेचे होते; आणि प्रवास हाही उपचाराचाच एक धोक्याचा भाग होता. उलट २०२३ साली जर्मनी व स्लोव्हेनियातील चारशेवर रोग्यांचा हिशेब आला. हृदयविकाराच्या झटक्याने रक्ताभिसरण कोसळलेले हे रोगी. महिन्याभरात एक्मोच्या गटात शंभरी ४८ गेले, दुसऱ्यात ४९. फरक जवळजवळ नाहीच. रक्तस्राव मात्र दुपटीहून अधिक. यंत्राचा प्रकार तोच, पण बालकाच्या फुप्फुसासाठी एक निकाल आणि प्रौढाच्या हृदयासाठी दुसरा. म्हणून 'मशीन चांगले आहे ना' या प्रश्नाचा पहिला भाग असा हवा : कोणत्या रोग्यासाठी?

दुसरी कसोटी कोल्हापूरकरांस समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या उद्यमनगरात तयार झालेले ऑइल इंजिन टेस्टिंगला चढविल्यावाचून बाहेर पडत नाही. भार देऊन चालवितात, तापते किती, तेल खाते किती, हे पाहतात, मगच त्यावर शिक्का बसतो. बॉयलरची तपासणी तर कायद्यानेच होते. मग ज्यावर माणसाचा श्वास टांगलेला, त्या यंत्राची किती कसून व्हावयास हवी! व्हेंटिलेटर आल्यावर तो आधी रबरी कृत्रिम फुप्फुसास जोडतात. ठरविलेली हवा तितकीच जाते काय, दाब मर्यादेत राहतो काय, प्राणवायूचे प्रमाण आकड्याप्रमाणे आहे काय, हे वेगळ्या मापकाने मोजतात. नळी मुद्दाम सोडवून पाहतात. घंटा वाजली पाहिजे. विजेची पिन काढून पाहतात. बॅटरीवर यंत्र चालत राहिले पाहिजे. एक्मोच्या पंपास तर हाताने फिरविण्याचे हँडलच देतात, आणि ते हाताशी ठेवून वीज गेल्याची तालीम करावयाची असते.

हे न झाल्यास काय होते, ते महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या वेळच्या औरंगाबाद येथील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास दीडशे व्हेंटिलेटर मिळाले. त्यांपैकी वापरात घेतलेल्या ११३ यंत्रांत दोष असल्याचा अहवाल रुग्णालयाने दिला. केंद्र सरकारचे म्हणणे असे की, यंत्रे ठीक आहेत, चालविणाऱ्यांस पुरेसे शिक्षण नाही. वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु देणारा आणि घेणारा यांनी एकत्र बसून पहिल्याच दिवशी यंत्र चालवून पाहिले असते, आकडे लिहून दोघांनी सही केली असती आणि चालविणाऱ्यांना शिकविले असते, तर ऐन साथीत हा वाद कोर्टापर्यंत कशाला जाता? त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली आणि पुरवठा तुटून बावीस रोग्यांचे प्राण गेले. व्हेंटिलेटर कितीही उत्तम असो, त्याच्यामागची टाकी, तोटी आणि ती सांभाळणारा माणूस ही सगळी त्या यंत्राचीच अंगे होत.

तिसरी कसोटी रस्त्याची. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर. गाडी चार तासांत पोचली असे धरू. रोग्यास मिनिटास दहा लिटर प्राणवायू लागतो असे समजा, म्हणजे २४० मिनिटांस २,४०० लिटर झाले. आपल्याकडील लहान, म्हणजे बी टाइप, सिलिंडरमध्ये भरलेला असता सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. तो दीडशे मिनिटांत, सातारा मागे टाकून खंबाटकीच्या आसपास, संपेल. वाहतूक अडणे, घाटात खोळंबणे हे जमेस धरून निम्म्याने जास्त घ्यावयाचा म्हटले तर ३,६०० लिटर, म्हणजे तीन सिलिंडर हवेत. हा हिशेब चौथीतील मूल करील, परंतु तो निघण्यापूर्वी कोणीतरी केला पाहिजे. शिवाय रस्त्यात धक्के बसतात, नळ्या निसटतात, गोंगाटात घंटा ऐकू येत नाही. म्हणून इस्पितळात उत्तम चालणारे यंत्र गाडीत चालेलच असे नाही. गाडीतील यंत्रांसाठी वेगळी मानके आहेत ती यासाठीच. यंत्र बंद पडले तर दाबावयाची रबरी पिशवी आणि ती दाबू जाणणारा माणूस शेजारी हवाच.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्याच प्रगत जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. बाकीच्या साध्या. म्हणून गाडी आली, एवढ्याने भागत नाही. कोणती आली, हेही पाहावे लागते. आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली, हे आपण विसरलेलो नाही. तशा दिवसांत पुण्या-मुंबईची यंत्रे कितीही थोर असोत, आपल्या उपयोगाची नाहीत. जे आपल्या गावात चालू स्थितीत आहे तेवढेच आपले.

आता आपण काय करावयाचे? १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांप्रमाणे कायद्याच्या कक्षेत आली, ही चांगली गोष्ट झाली. पण कायदा दारापर्यंत येतो, आत त्याला माणसांनीच न्यावे लागते. सार्वजनिक रुग्णालयाची यंत्रे आपल्या पैशाची आहेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. यंत्रे किती, त्यांतील चालू किती, शेवटची तपासणी केव्हा झाली, रात्रपाळीस ती चालवू जाणणारे किती, वीज गेल्याची तालीम झाली काय, असे पाच प्रश्न विचारावेत. उद्घाटनाच्या फितीपेक्षा देखभालीच्या नोंदवहीकडे अधिक पाहावे. खासगी इस्पितळात आपला माणूस असेल तर डॉक्टरांस आदरपूर्वक विचारावे की, या यंत्राने आमच्या रोग्याचे काय साधेल, किती दिवस वाट पाहावयाची, आणि कोणत्या खुणा दिसल्यावर थांबावयाचे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचे ओझे हलके होते.

सर्वांत शेवटी आमच्या पेशाची गोष्ट. ही यंत्रे चालवितात त्या परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्यापैकी पुष्कळजण कंत्राटावर आहेत. वर्षाच्या करारावर आलेला माणूस यंत्र शिकतो आणि करार संपताच निघून जातो. त्याच्याबरोबर इस्पितळाचे शिक्षणही जाते. एक्मोच्या खाटेपाशी तर चोवीस तास कसलेले माणूस लागते. त्या माणसाची नोकरी पक्की असणे, त्याची पाळी माणुसकीची असणे, ही मागणी केवळ त्याच्या पगारासाठी नाही. ती रोग्याच्या श्वासासाठी आहे. यंत्र विकत घेताना अंदाजपत्रकात माणसाचा आकडा शेजारी लिहिला आहे की नाही, हे नागरिकांनी आवर्जून पाहावे. तो नसेल तर यंत्राची खरेदी अर्धीच झाली असे समजावे.