वाइनच्या प्याल्यातील लोणी आणि मिरची

वाइनचे वर्णन करताना ‘उमदी’, ‘भारदस्त’, ‘खानदानी’ अशी विशेषणे पूर्वापार वापरली जात असली, तरी ती प्याल्यातील द्रवापेक्षा पिणाऱ्याच्या मर्जीविषयीच अधिक सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या ‘अरोमा व्हील’मध्ये, म्हणजे वाइनच्या गंधांच्या चक्रात, अशा शब्दांना जागाच ठेवलेली नाही. या चक्राच्या मध्यभागी फळे, फुले, मसाले, लाकूड असे बारा ढोबळ गट असून बाहेरच्या कड्यांकडे जाताना ते नेमके होत जातात. ‘फळा’चे ‘लिंबूवर्गीय फळ’ होते आणि त्याचे पुढे ‘ग्रेपफ्रूट’. हे गंध ओळखायला शिकवण्यासाठी एखाद्या साध्या, फारसा वास नसलेल्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा टाकून ती हुंगायला दिली जाते. बाटलीतल्या वाइनमध्ये अर्थातच मिरची घातलेली नसते. तिचा वास येतो तो द्राक्षात किंवा तळघरात घडलेल्या एखाद्या रासायनिक क्रियेमुळे, आणि म्हणूनच ज्या शब्दामागे असे कारण दाखवता येते, तोच वर्णनात खरा उपयोगी ठरतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाची शार्डोने. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी पिळून साली बाजूला काढतात आणि केवळ रस आंबवतात. शार्डोनेच्या द्राक्षाला स्वतःचा गंध बेताचाच असल्याने वाइन करणाऱ्याचा हात तिच्यात चटकन दिसतो. हिरव्या सफरचंदात असणारे तीव्र मॅलिक आम्ल जिवाणूंच्या साहाय्याने दुधातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात बदलू दिले, तर आंबटपणा उतरतो आणि त्याच क्रियेत डायअ‍ॅसिटिल हे द्रव्य तयार होते, ज्याचा वास थेट लोण्याचा असतो. आतून भाजलेल्या ओकच्या पिंपात मुरवल्यास व्हॅनिला येतो, आणि ओक अमेरिकन असेल तर खोबऱ्याची छटाही. प्याला फिरवून हुंगल्यावर लोणी आणि व्हॅनिलाच जाणवत असेल, तर द्राक्ष मागे पडून पिंप बोलू लागले आहे असे समजावे. या राज्यातील कितीतरी शार्डोनेंवर हा आक्षेप घेतला गेला आणि तो अनाठायी नव्हता.

तांबड्या वाइनमध्ये रस सालींसकट आंबतो, त्यामुळे रंगाबरोबर टॅनिन उतरते. ते चवीपेक्षा स्पर्शाने कळते, कोऱ्या कडक चहाने हिरड्या आवळाव्यात तसे. कॅबर्ने सोव्हिन्यों या जातीत पायराझिन नावाची द्रव्येही असतात आणि ढोबळी मिरचीचा वास त्यांचाच. द्राक्ष पिकताना, घडांवर ऊन पडताना ती कमी होतात, म्हणून उबदार नापा खोऱ्यातील कॅबर्नेत काळ्या फळांचा गंध वरचढ असतो, तर समुद्रावरच्या थंड वाऱ्याच्या मॉन्टेरेमधील १९७० च्या दशकातील कॅबर्ने भाजीच्या वासासाठी बदनाम झाली होती. झिनफँडेलची तऱ्हा निराळी: तिच्या एकाच घडात हिरवे, पिकलेले आणि सुकून मनुका झालेले मणी एकत्र सापडतात, त्यामुळे त्या वाइनमध्ये मुरंब्याची गोडी आणि घशाला ऊब देणारे अल्कोहोल दोन्ही भरपूर.

शब्द नेमके असले तरी नाक फसतेच. १९७६ मध्ये पॅरिस येथे लेबले झाकून झालेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी शातो माँटेलीनाची शार्डोने आणि स्टॅग्ज लीपची कॅबर्ने, या १९७३ च्या दोन्ही कॅलिफोर्नियन वाइनना पहिले स्थान दिले. एका परीक्षकाने तर बर्गंडीची नामांकित पांढरी वाइन कॅलिफोर्नियाची समजून नाकारली. बोर्दोमधील २००१ च्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला केवळ लाल रंग देताच वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. पुढे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन नकळत तीनदा देऊन पाहिली, तेव्हा जवळपास सारखाच निर्णय देणारा परीक्षक दहांत एखादाच निघाला. तरीही बाटल्यांवर पदकांचे बिल्ले चिकटवण्याची प्रथा जोरात चालू आहे.