लोणारचे सरोवर व सभोवतालची शेती

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावरून मंठ्याच्या वाटेने पुढे गेल्यास बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गाव लागते. वाटेत दोन्ही बाजूंस काळी जमीन, कापूस, तूर व सोयाबीन. लोणारास पोहोचताच मात्र भुई एकाएकी खचल्यासारखी दिसते आणि सुमारे दीडशे मीटर खोल व १.८ किलोमीटर रुंद असे गोलाकार विवर नजरेस पडते. उतारावर झाडी, काठाशी जुनी मंदिरे आणि मध्यभागी हिरवट पाणी असा हा देखावा आहे. काळ्या पाषाणावर अशनी आदळून हे विवर झाले. १९७९ साली ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरले, २००० साली अभयारण्य झाले व २०२० साली रामसर करारातील पाणथळ जागांत त्याची नोंद झाली.

पूर्वी विवराच्या आत शेती होत असे व गुरेही चरत. अभयारण्यामुळे ज्यांची वहिवाट गेली त्यांस बंदी जाचक वाटली, हे स्वाभाविकच होय. केवळ देखाव्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न ग्रामस्थ विचारतात. त्याचे उत्तर पाण्यात आहे.

या सरोवरास बाहेर जाणारा ओढा नाही. आत आलेले पाणी उन्हाने उडून जाते; क्षार मात्र मागे राहतात. ८.५ च्या वर सामू गेलेली जमीन चोपण होते, हे शेतकरी जाणतातच. येथे पाण्याचाच सामू १० च्या आसपास मोजला गेला आहे! अशा पाण्यात तगणारे सूक्ष्म जीव निराळे असून पाण्याचा रंगही त्यांचाच. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा सरोवर गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे असे घडले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

यावरून वाहून आलेली माती, खत व सांडपाणी येथे किती बिघाड करू शकते याची कल्पना यावी. अभयारण्याची हद्द गुरांस अडवील, पाण्यास नाही. म्हणून ज्या शेतांचे पाणी विवराकडे वाहते, तेथे बांधबंदिस्ती व उतारास आडवी पेरणी अगत्याची आहे. नत्रखत एकदम न देता हप्त्याने व मातीत मिसळून द्यावे. जोराच्या पावसाच्या तोंडावर देऊ नये. त्यात शेतकऱ्याचाही पैसा वाचतो. फुटलेले बांध गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच पाहून ठेवावे व मृगापूर्वी दुरुस्त करवून घ्यावे.