सुप्यात बसून गाड्यांवर लिहायचंय? मग पैसे कोणाकडून घ्यायचे ते आधी ठरवा



'गाड्यांचं वेड आहे, रिव्ह्यू करायचेत, पण सुप्यात राहतो, मला गाडी देणार कोण?' हा प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत वेळेअभावी उत्तर आटोपतं घेतलं, इथे नीट सांगतो. या कामात धंदा आहे, फक्त बहुतेकांना वाटतो तिथे नाही.

मोठ्या मासिकांचं आणि चॅनेलचं काम कसं चालतं ते बघा. नवी गाडी येण्याआधी कंपनी पत्रकारांना गोव्याला, उदयपूरला वगैरे बोलावते. विमान, हॉटेल, जेवण सगळं कंपनीचं. गाडी हातात मिळते काही तास, तीही बऱ्याचदा दोघांत एक. आणि एक वेळ ठरवून दिलेली असते, तिला एम्बार्गो म्हणतात. त्या मिनिटाआधी काहीही प्रसिद्ध करायचं नाही. म्हणून तर एकाच सकाळी सगळीकडे तीच गाडी दिसते. पुढे पुण्या-मुंबईत ठेवलेली प्रेस कार काही दिवसांसाठी मिळते. बाहेरून ही चैन वाटते. आतून बघाल तर पहाटे कोवळ्या उजेडात शूट, दिवसभर हातात फडकं घेऊन गाडी पुसणं, वाऱ्याने आवाज खराब झाला म्हणून तेच वाक्य सहा वेळा बोलणं, आणि रात्री एडिटिंग.

या शर्यतीत सुप्यातून उतरूच नका. 'सगळ्यात आधी' हा माल तुमच्याकडे नाही आणि येणारही नाही. पण त्या काही तासांत ज्या गोष्टी कळत नाहीत, त्या तुमच्याकडे आहेत. मे महिन्यात पाच माणसं बसल्यावर मागच्या सीटपर्यंत एसी पोहोचतो का? वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून पाय भरून येतो का? तिसऱ्या सर्व्हिसचं बिल किती आलं? पुढचा बंपर नगरला मिळाला की पुण्याहून मागवावा लागला?

आता तुमचा वाचक कोण ते बघा. एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, पारनेर तालुक्यात दूध-कांदा करणारा, हायवेला दुकान असलेला. समजा त्याने ८ लाखांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं. हप्ता बसतो साधारण १३,०७५ रुपये, आणि फेड होते जवळपास १० लाख ९८ हजारांची. जवळजवळ तीन लाख व्याज! 'लूक एकदम भारी, पिकअप जबरदस्त' एवढं सांगून तुम्ही या माणसाला काय दिलंत? त्याची सात वर्षं पणाला लागलेली असतात.

मायलेजचंच घ्या. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने चालवून तो काढतात. त्या क्रमाचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे लघुरूप एमआयडीसी! (सुप्यात हे सांगितलं तर लोक 'कुठला फेज?' विचारतील.) त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, आणि रोलरला घाटही लागत नाही. आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला आहे, तुमच्या खिशाचा हिशेब करायला नाही.

तो हिशेब तुम्ही काढा. टाकी पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. सुप्याहून कामरगावचा घाट उतरून नगर, परत सुपा, मग शिरूरमार्गे पुणे आणि माघारी. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा बंद होईपर्यंत भरा. टॉपअप करत बसू नका, तिथेच आकडा बिघडतो. समजा २४० किलोमीटरला १५ लिटर लागलं, तर मायलेज १६. कंपनीचा दावा २० चा असेल, तर महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्याला ७५ ऐवजी जवळपास ९४ लिटर लागेल. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास जादा. हे वाक्य लिहा: 'या गाडीचा खरा हप्ता तेरा नाही, पंधरा हजार आहे.' अर्थात हे तुमच्या रस्त्यावर, तुमच्या पायाखाली निघालेलं मायलेज आहे. त्या दिवशी किती माणसं होती, डिकीत काय होतं, एसी चालू होता का, हे शेजारीच लिहायचं.

सुरक्षिततेबाबत मात्र स्वतःचा अंदाज चालवू नका. दरवाजा 'ठप्प' वाजला म्हणून गाडी मजबूत ठरत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू आहे. त्यात समोरून ताशी ६४ किलोमीटरने धडक देतात, मोठ्यांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण देतात. ते गुण द्या आणि नेमक्या कोणत्या मॉडेलला मिळाले तेही तपासून द्या. गाडी ऐच्छिक चाचणीला दिलीच नसेल, तर तसं स्पष्ट लिहा.

गाडी कुठून आणायची? मालकांकडून. सहा महिने, दहा हजार किलोमीटर वापरलेल्या गाडीचा मालक तासभर मनापासून बोलतो, कारण त्याला दुसरं कुणी विचारलेलंच नसतं. सर्व्हिसची बिलं मागा, फोटो घ्या, नाव-नंबर झाका. एक सावधगिरी: त्याला गाडीचं भाडं देऊ नका. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने दिलेला वापर बसत नाही. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम तिथेच अडकतो. पेट्रोल भरून द्या, गाडीचे चांगले फोटो काढून द्या, तो खूश. आणि विमा चालू आहे ना, ते किल्ली घेण्याआधी बघा.

आता पैसे. यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं (किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज). तिथवर पोहोचल्यावरही एका तालुक्यापुरत्या मराठी चॅनेलचं घर त्यावर चालेल असं धरू नका.

त्याआधीच एखादा शोरूमवाला भेटेल. 'तुमच्याकडून आलेल्या प्रत्येक बुकिंगला अमुक देतो.' महिन्याला दोन गाड्या गेल्या तरी बरे पैसे दिसतात. माझं मत सरळ आहे: नको. कारण त्या दिवसापासून, 'ही गाडी घेऊ नका' म्हटलं की तुमचंच नुकसान. तुमचा माल म्हणजे मत, आणि तेच गहाण पडलं.

पैसे घ्यायचेत तर विकत घेणाऱ्याकडून घ्या. जुनी गाडी घेणाऱ्याबरोबर एक जाणकार मेकॅनिक घेऊन जा. सर्व्हिस हिस्ट्री, रंगाचे पॅच, टायर, विम्याचे क्लेम, आरसीवरचा कर्जाचा बोजा तपासून लेखी अहवाल द्या. फी आधी ठरलेली, मेकॅनिकचा वाटा त्यातूनच. गाडी घेतली नाही तरी फी तीच. चार-पाच लाखांच्या व्यवहारात लोक एवढा खर्च करतात, फक्त तो माणूस विकणाऱ्याचा नाही याची खात्री हवी. तुमचे लेख म्हणजे त्या खात्रीची जाहिरात.

टायर, कार वॉश, सीट कव्हर यांच्या जाहिराती घ्या की, पण लपवू नका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते सांगावं लागतं, आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत. म्हणजे मराठी व्हिडिओवर ठळक 'जाहिरात'. दिशाभूल झाली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. करातही एक बारकावा आहे. कंपनीने दिलेली वस्तू तुम्ही ठेवून घेतली तर तो लाभ धरला जातो, आणि वर्षाला २० हजारांवर गेला की देणाऱ्याला १० टक्के टीडीएस भरावा लागतो. चाचणीसाठी आणून परत केलेली गाडी त्यात येत नाही. म्हणून परत करताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून समोरच्याची सही घ्या, आणि तो कागद फाइलला लावा.