उष्णता-आघात प्रथिने, सूक्ष्मजंतूंतील
तापमान एकाएकी वाढले असता कोशिकेत ज्यांची निर्मिती झपाट्याने वाढते अशा प्रथिनांच्या गटास हे नाव आहे. नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे; कारण त्यांपैकी काहींवाचून सूक्ष्मजंतूंची वाढ कोणत्याही तापमानास होत नाही.

१९६२ मध्ये एफ. एम. रिटोसा या इटालियन आनुवंशिकीविज्ञांना ड्रॉसोफिला या माशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेमुळे नवे फुगवटे आलेले दिसले. एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूत तसाच प्रतिसाद १९७८ मध्ये आढळला. संवर्धन ३०° से. वरून ४२° से. वर नेताच काही मिनिटांत ही प्रथिने विपुल प्रमाणात तयार होऊ लागतात. यांतील ‘ग्रो-ई’ जनुके मात्र आधीच माहीत होती. ज्यांत लॅम्डा या जंतुभक्षी व्हायरसाचे शीर्ष नीट जुळत नाही, अशा उत्परिवर्तित सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासातून ती हाती आली होती.

प्रथिनाच्या साखळीस विशिष्ट घडी पडली, तरच ते कार्यक्षम होते. घडी अपुरी राहिली किंवा उष्णतेने उलगडली, तर साखळीचे जलद्वेषी भाग उघडे पडून एकमेकांस चिकटतात. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात हेच घडते. ‘ग्रो-ईएल’ हे प्रथिन प्रत्येकी सात घटकांच्या दोन कड्यांचे बनलेले असून त्यांच्या पोकळीत अशी साखळी घेतली जाते. ‘ग्रो-ईएस’ झाकणाप्रमाणे वर बसते आणि आत इतरांपासून अलग राहून घडी पूर्ण होते. याकामी एटीपीतील ऊर्जा खर्च होते. नव्याने तयार होणाऱ्या काही आवश्यक प्रथिनांना हे साहाय्य नेहमीच लागते. म्हणून ग्रो-ई जनुके काढून टाकलेले सूक्ष्मजंतू थंड संवर्धनातही वाढत नाहीत, असे १९८९ मध्ये दाखविण्यात आले.

या प्रतिसादाचे नियंत्रण ‘सिग्मा-३२’ हा घटक करतो. एरवी ‘डीएनए-के’ हे उष्णता-आघात प्रथिन त्यास जखडते व सुमारे एका मिनिटात तो निम्मा नष्ट होतो. उष्णतेने बिघडलेल्या प्रथिनांकडे डीएनए-के वळले की, सिग्मा-३२ मोकळा होऊन टिकतो; बिघाड निस्तरला की, पुन्हा जखडला जातो. हा घटक नसलेले सूक्ष्मजंतू २०° से. च्या वर वाढू शकत नाहीत. परंतु त्यांच्यात ग्रो-ई प्रथिने भरपूर निर्माण झाल्यास ते ४०° से. पर्यंत वाढतात. वाढीची वरची मर्यादा केवळ या प्रथिनांवर अवलंबून नसते. ४४° से. च्या सुमारास मिथिओनीन या ॲमिनो अम्लाच्या संश्लेषणातील एक एंझाइम निकामी होऊ लागते व वाढ मंदावते. संवर्धनात मिथिओनीन घातल्यास ती पुन्हा वेग घेते.