विश्लेषण : चिनी शिकणाऱ्यांनी ‘द फेअरवेल’ का पाहावा?

चिनी भाषेच्या पाठ्यपुस्तकातली वाक्ये समजू लागतात. पण जेवणाच्या टेबलावर चार माणसे एकदम बोलू लागली की काहीच कळत नाही. या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांसाठी लुलू वांग दिग्दर्शित ‘द फेअरवेल’ (२०१९) हा चित्रपट फार उपयोगाचा आहे.

कथा काय आहे?

चीनच्या चांगचुन शहरातल्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे. घरचे तिला ते सांगत नाहीत. सर्वांना तिला शेवटचे भेटता यावे म्हणून नातवाचे लग्न घाईने ठरवले जाते आणि अमेरिका व जपानमधून कुटुंब गोळा होते. लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या नातीला, बिलीला, हे लपवणे पटत नाही. ही कथा वांग यांच्या स्वतःच्या आजीवर बेतलेली आहे. चित्रपटातल्या आजीच्या बहिणीची भूमिका त्यांच्या आजीच्या खऱ्या बहिणीनेच केली आहे.

भाषा सोपी का वाटते?

बिलीचे चिनी तोकडे आहे. त्यामुळे तिची वाक्ये छोटी आहेत. आजीही तिच्याशी जेवण, तब्येत, लग्न अशा रोजच्या विषयांवर बोलते. रुग्णालयातल्या एका प्रसंगात बिली आजीसमोरच डॉक्टरांशी इंग्रजीत बोलते, कारण आजीला ती भाषा येत नाही. कोणाला काय कळू द्यायचे, हे इथे भाषाच ठरवते.

मराठी माणसाला काय सोपे जाईल?

एक म्हणजे नाती. वडिलांची आई ‘नायनाय’, आत्या ‘कूकू’, मामा ‘ज्यूज्यू’. इंग्रजीत आत्या, मावशी, मामी सगळ्या ‘आंटी’. चिनीत मात्र मराठीसारखे वेगळे शब्द आहेत. काकांच्या बाबतीत तर चिनी पुढे जाते : वडिलांचा थोरला भाऊ ‘पोपो’, धाकटा ‘शूशू’.

दुसरे म्हणजे उच्चार. रोमन लिपीतले ‘बी’ आणि ‘पी’ चिनीत साधारण आपल्या ‘प’ आणि ‘फ’सारखे (ओठ मिटून) उच्चारतात. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे ‘त’ आणि ‘थ’. हा फरक आपल्या कानाला सवयीचा आहे. सूर मात्र वेगळे शिकावेच लागतात.

कसा पाहावा?

आधी उपशीर्षकांसह पूर्ण पाहा. मग जेवणाचा एकच प्रसंग निवडा, उपशीर्षके बंद करा आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारते एवढेच टिपा. तिसऱ्यांदा आजीची वाक्ये तिच्या मागोमाग म्हणा. बरेच संवाद इंग्रजीत आहेत. त्यामुळे निव्वळ चिनी ऐकायचे असेल, तर तैपेईत घडणारा आंग ली यांचा ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ (१९९४) पाहावा.

‘द फेअरवेल’चे चिनी नाव आहे ‘प्ये काओसू था’, म्हणजे ‘तिला सांगू नका’. बोलताना ‘था’ म्हणजे तो, ती किंवा ते. ‘ती’ हे फक्त लिहिताना कळते. आजार लपवण्यात माया आहे की अन्याय, याचा निवाडा चित्रपट करत नाही. आजाराचे नाव कुजबुजत घेणारी घरे आपल्याकडेही आहेत. त्यामुळे शब्द अडला, तरी प्रसंग अडणार नाही.