रुग्णालयाची कीर्द आणि खतावणी

कीर्द म्हणजे रोज घडलेल्या व्यवहाराची घडेल त्या क्रमाने केलेली नोंद, आणि खतावणी म्हणजे त्याच नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यात नेऊन मांडणे, हे आपल्या व्यापारी मंडळींस सांगावयास नको. ज्या दुकानी कीर्द लिहिली जाते परंतु खतावणी होत नाही, तेथे अमुक गिऱ्हाइकाकडे येणे किती, असे विचारल्यास मुनीम दिवसभर पाने उलटीत बसेल. असे दुकान एक दिवाळी पाहील, दुसरी पाहणार नाही. असे असता माणसाच्या जिवाचा हिशेब जेथे ठेवावयाचा, त्या कितीतरी लहानमोठ्या रुग्णालयांत आजही केवळ कीर्द आहे, खतावणी नाही. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

संपादक मंडळाने मजकडे धान्यबाजारावर लेख मागितला होता. परंतु भावांच्या चढउतारावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि दहा वर्षांपासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. तेव्हा मंडळाने क्षमा करावी.

आमच्या गोदामात खानवेलकडील एका पाड्यावरचा एक वारली हमाल पुष्कळ वर्षे कामास आहे. सन २०१६ च्या दिवाळीच्या सुमारास त्याची बारा वर्षांची मुलगी हातापायांच्या व छातीच्या असह्य वेदनांनी आणि तापाने आजारी पडली. तिला एका रुग्णालयात नेले. संधिवाताचा ताप समजून उपचार सुरू झाले, पण उतार पडेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बापास विचारले, पूर्वी हिचे रक्त कधी तपासले होते काय? तो म्हणाला, लहानपणी याच रुग्णालयात तपासले होते, रक्तात काही दोष आहे असे सांगितले होते, पिवळा कागदही दिला होता. तो कागद छपराच्या गळतीत भिजून गेला. डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासणीस पाठविले, परंतु त्याचा निकाल बाहेरगावाहून यावयास काही दिवस लागणार होते.

मी दप्तरखान्यात गेलो. तेथील कारकून सज्जन होता. तो म्हणाला, "शेठजी, रजिस्टरे सगळी आहेत. तारीख सांगा, नाहीतर नोंदणी क्रमांक सांगा, आत्ता काढून देतो." बापास विचारले तर तो म्हणाला, "शेठ, भाताची लावणी आटोपली होती." कोणत्या वर्षीची लावणी, हे त्यास सांगता येईना. मुलगी चारेक वर्षांची असेल, एवढेच त्याच्या ध्यानात होते. कारकुनाच्या मागे फडताळात लाल कापडात बांधलेली रजिस्टरे छतापर्यंत रचलेली होती. त्यांतील एका ओळीत त्या मुलीचे निदान लिहिलेले होते. आणि ती ओळ कोणाच्याही उपयोगाची नव्हती.

मी परत दुकानी आलो आणि हमालांचे खाते काढले. संवत २०६४ च्या वहीत, श्रावण वद्यात, त्याच्या नावे आठशे रुपये उचल लिहिलेली निघाली. शेरा, "मुलीच्या औषधोपचारार्थ". म्हणजे इंग्रजी २००८ चा ऑगस्ट महिना. ती तारीख घेऊन गेलो, आणि अर्ध्या तासात कारकुनाने ओळ काढली. सिकलसेल, आणि पुढे 'एस एस' ही दोन अक्षरे. अर्थात दोष मातापिता दोघांकडूनही आलेला. डॉक्टरांनी ती ओळ पाहताच उपचाराची दिशा बदलली. मुलगी त्या दुखण्यातून उठली.

यात आमच्या दुकानाची प्रौढी मिरविण्याचा हेतू नाही. उलट ही लाजिरवाणी गोष्ट आहे. रुग्णालयातील निदान शोधण्यासाठी धान्याच्या दुकानातील उचलीची वही लागावी, आणि तीही केवळ बापाने त्या दिवशी उसने पैसे घेतले होते म्हणून कामी यावी, याला व्यवस्था म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली, ती मी अद्याप विसरलेलो नाही. त्या मुलीस एक धाकटा भाऊ होता. तो चौथ्या वर्षी, २०१४ साली, तापाने गेला. मातापिता दोघेही या दोषाचे वाहक असले म्हणजे प्रत्येक अपत्यास चारांत एक या प्रमाणात हा आजार संभवतो, हे मजला डॉक्टरांनी समजावून सांगितले. २००८ साली बहिणीचे निदान झाले, तेव्हा तिच्या नावाचे खाते असते, आणि ते मातापित्यांच्या खात्यास जोडलेले असते, तर भाऊ जन्मताच त्याचे रक्त तपासले गेले असते. तो कशाने गेला, याची नोंद कोठेही नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकातील मजला काही कळत नाही. पण दप्तराचे जे काही आहे ते वाचताना आपल्याच धंद्याचा इतिहास वाचीत आहो की काय, असे वाटले. अमेरिकेतील सुप्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये १९०७ पर्यंत डॉक्टर मंडळी रुग्णांच्या नोंदी मोठमोठ्या जाड वह्यांत लिहीत असत. प्रत्येक डॉक्टराची वही निराळी. एकाच माणसाने तीन डॉक्टरांस दाखविले, तर त्याची हकीगत तीन वह्यांत विखुरलेली असे. हेन्री प्लमर नावाच्या डॉक्टरांनी त्या वर्षी ही पद्धत मोडली. मेबल रूट या सहकारी बाईंच्या साहाय्याने त्यांनी प्रत्येक रुग्णास एक कायमचा क्रमांक दिला, आणि त्याची सर्व कागदपत्रे त्या क्रमांकाच्या एकाच पाकिटात ठेवण्याचा प्रघात पाडला. हीच रुग्णालयाची खतावणी होय.

परंतु खतावणी आपोआप होत नाही, तिला खतावणारा लागतो. १९२८ साली बोस्टन येथे अशा दप्तरदार मंडळींनी आपली संघटना स्थापिली. तेव्हा तिचे नाव असोसिएशन ऑफ रेकॉर्ड लायब्रेरियन्स ऑफ नॉर्थ अमेरिका असे होते. पहिल्या अध्यक्ष ग्रेस व्हाइटिंग मायर्स, बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या दप्तर सांभाळणाऱ्या बाई. पुढे नाव अनेकदा बदलत १९९१ पासून ती अमेरिकन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असोसिएशन म्हणून ओळखली जाते. डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे, केवळ कागद सांभाळणारी ही माणसे. त्यांना रुग्णालयात कोणी विचारीत नसे. त्यांनी प्रथम स्वतःसच शिस्त लावून घेतली. परीक्षा ठेवल्या, उत्तीर्ण होणारास प्रमाणपत्र दिले, अभ्यासक्रम आखून विद्यालये चालविण्यास उत्तेजन दिले, वार्षिक अधिवेशनांतून एकमेकांच्या पद्धती तपासल्या. केसपेपर अपुरा ठेवणाऱ्या डॉक्टरास तो पुरा करावयास लावणे, प्रत्येक आजारास जगभर एकच असा सांकेतिक क्रमांक घालणे, न्यायालयाने मागितल्यास कागद हजर करणे, आणि ज्याला अधिकार नाही त्याला कागद न दाखविणे, ही सभासदांची नित्याची कामे. १९५२ साली लंडनला या व्यवसायाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९६८ साली जागतिक महासंघ झाला.

आपल्या असोसिएशनप्रमाणेच ही संघटना सरकारदरबारी गाऱ्हाणीही मांडते, आणि तिचीही गाऱ्हाणी वर्षानुवर्षे पडून राहतात हे वाचून थोडे समाधान वाटले. आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये मान्य केली होती. या संघटनेने आग्रह धरूनही, वारंवार मुदतवाढ होत होत, अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ रोजी लागू झाली. दुसरे गाऱ्हाणे आमच्या हमालाच्या मुलीच्या गोष्टीशी जुळणारे आहे. १९९६ च्या तेथील एका कायद्यात प्रत्येक नागरिकास एक आरोग्य-क्रमांक देण्याची तरतूद होती. माणसाचे खाजगी दुखणे सरकारच्या हाती जाईल, या भीतीने संसदेने १९९८ पासून त्या कामास पैसा देण्यासच मनाई केली, आणि ती मनाई दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात चालत राहिली. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती उठविण्याच्या बाजूने मत दिले, पण कायदा झाला नाही. २०२० मध्ये या संघटनेने इतर संस्थांसह त्यासाठी एक आघाडीच उभारली. अर्थात तेथे खतावणारे शिकलेले, संघटित आणि जुने. पण खात्यास क्रमांक नाही.

आपल्याकडे नेमके उलट झाले, आणि त्याची सुरुवात दुसरीकडे कोठे नव्हे, आपल्या या प्रदेशात झाली. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान जाहीर झाले, तेव्हा ते प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत करून पाहण्याचे ठरले. त्या सहांत दादरा नगर हवेली आणि दमण दीव हा आपला प्रदेश होता. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झाले. त्यात ज्याची इच्छा असेल त्यास चौदा आकडी क्रमांक मिळतो. त्यालाच लोक आभा कार्ड म्हणतात. त्या क्रमांकाच्या आधारे, रुग्णाची संमती असेल तर, एका रुग्णालयातील कागद दुसऱ्या रुग्णालयात पाहता यावा, अशी योजना आहे. हे खाते उघडण्याचे काम होय, आणि ते उत्तम झाले. पण खाते उघडले म्हणजे खतावणी झाली असे नव्हे. क्रमांकाखाली २००८ च्या रजिस्टरातील ती ओळ कोणी चढवावयाची? आपल्याकडे तर एकाच माणसाचे नाव गुजरातीत एक, मराठीत दुसरे आणि इंग्रजीत तिसरेच लिहिले जाते. ही तिन्ही नावे एकाची, हे ओळखण्यास यंत्र पुरेसे नाही, गावची माणसे ओळखणारा जाणता कारकून लागतो.

असा कारकून आपल्याकडे व्यवसाय म्हणून फार उशिरा ओळखला गेला. केंद्र सरकारच्या आरोग्य-माहिती विभागाची स्थापना १९६१ ची. त्याच्यातर्फे दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुद्दुचेरीची जिपमेर संस्था येथे मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर तयार करण्याचे शिक्षण दिले जात आले. कायद्याने या व्यवसायास मान्यता मिळाली ती २०२१ मध्ये, संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात. त्याच्या परिशिष्टात आरोग्य-माहिती व्यवस्थापन हा एक स्वतंत्र वर्ग घातला आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे ठेवावे लागतात, आणि मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. जुन्या वह्या आपण याहून किती अधिक काळ जपून ठेवतो! रुग्णालयाने २००८ ची रजिस्टरे २०१६ पर्यंत ठेवली, हा त्याचा चांगुलपणाच म्हटला पाहिजे.

यंत्रावर सर्व भार टाकण्यात धोका आहे, हे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये दिसून आले. बाहेरील कोणी घुसखोरी केल्याने तेथील संगणक बंद पडले, आणि पुढे कित्येक दिवस कामकाज हाताने लिहून चालवावे लागले.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. या लेखाचा कच्चा मसुदा वाचून एका मित्राने सुचविले की, कामगाराचे आरोग्य-खाते मालकास पाहता आले तर किती सोयीचे होईल. मी स्पष्ट सांगतो, ते पाहता येऊ नये. माझ्या हमालास कोणता रोग आहे हे मजला कामावर घेताना कळले असते, तर मी त्यास पोती उचलावयास घेतले असते काय? प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर, नसते. आपल्या पेढीची वही आपण परक्यास दाखवीत नाही. मग त्याची वही आपण का पाहावी? अमेरिकेतील लोकांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, असे मजला त्या दिवशी वाटले. वही उघडण्याचा अधिकार खातेदाराचा, आणि ती नीट लिहिण्याची जबाबदारी शिकलेल्या दप्तरदाराची. आपले असोसिएशन दरवर्षी रुग्णालयांस खाटा, पंखे, चाकाच्या खुर्च्या देते. त्याऐवजी एक वर्ष एखाद्या होतकरू मुलास वा मुलीस हे दप्तराचे शिक्षण देण्याचा खर्च उचलावा, अशी सूचना मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवणार आहे. चाकाच्या खुर्चीवर दात्याचे नाव रंगविता येते, खतावणीवर येत नाही. त्यामुळे विरोध होईल, हे मी जाणून आहे.

१ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करण्याचे ठरले. तपासलेल्यास कार्ड मिळते. आमच्या हमालाने सर्व कुटुंबाची कार्डे करून घेतली आणि ती तांदळाच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून आढ्याला टांगली. गेल्या वैशाखात त्या मुलीचे लग्न ठरू लागले, तेव्हा देण्याघेण्याची गोष्ट निघण्यापूर्वी त्याने मुलाकडील मंडळींकडे मुलाचे कार्ड मागितले. त्यांच्याजवळ ते नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मुलास तपासणीस घेऊन गेला.