रक्त गेले कुठे?

अतिदक्षता विभागात ठेवलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन आठवड्याभरात उतरते आणि नातेवाईक बुचकळ्यात पडतात. जखम नाही, रक्तस्राव नाही, मग रक्त गेले कुठे?

काही तपासणीच्या नळ्यांत गेले, हे उत्तर ऐकून आपण चमकतो. अशा रुग्णाचे रक्त दिवसातून अनेकदा काढावे लागते. पश्चिम युरोपातील अतिदक्षता विभागांची जी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हे प्रमाण सरासरी रोज ४१ मिलिलिटर निघाले. शरीरातल्या पाच लिटरांपुढे ते किरकोळ वाटेल. पण वर्गात एक गणित करून पाहू. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे रोज १२० पैकी एक भाग पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. ५००० भागिले १२०, म्हणजे सुमारे ४२. अस्थिमज्जेची एका दिवसाची जवळजवळ सारी कमाई नळ्यांतच संपली!

निरोगी माणूस ही तूट भरून काढतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक सोडतात आणि अस्थिमज्जा उत्पादन वाढवते. गंभीर आजारात मात्र दाहामुळे हे संप्रेरक पुरेसे वाढत नाही. त्यातच यकृतातून हेप्सिडिन जास्त सुटते. ते आतड्यातून येणारे लोह अडवते आणि जुन्या पेशी मोडून मिळालेले लोह भक्षक पेशींतच कोंडून ठेवते. कोठार भरलेले, पण दाराला कुलूप! जिवाणूंनाही वाढीसाठी लोह लागते, ते त्यांना मिळू नये म्हणून शरीराची ही तजवीज असावी, असे मानतात. अशा वेळी लोहाच्या गोळ्यांनी फारसे साधत नाही, ते यामुळेच.

मग बाहेरचे रक्त द्यावे का? पूर्वी हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या खाली गेले की रक्त चढवण्याचा प्रघात होता. कॅनडातील ८३८ रुग्णांवरच्या प्रयोगाने १९९९ साली त्याला धक्का दिला. एका गटाला १० च्या खाली, तर दुसऱ्याला ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिले. तीस दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात २३.३ टक्के, तर दुसऱ्यात १८.७ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता, पण जास्त रक्त देऊन लाभ झाला नाही, हे दिसले. आता बहुतेक रुग्णांसाठी ७ हीच मर्यादा धरतात. हृदयविकार असेल तर थोडी वरची.

नळ्याच लहान घेतल्या तर? उपाय इतका साधा, की तो सगळीकडे का रुळला नाही याचे आम्हाला नवल वाटते. कॅनडातील २५ अतिदक्षता विभागांत तो करून पाहिला गेला. २०२३ साली निष्कर्ष आले, तेव्हा लहान नळ्यांमुळे चाचण्यांना रक्त अपुरे पडल्याचे दिसले नाही.